आरोग्यमंत्री साहेब, लेझरसाठी अजून किती तारखा?

मा. आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

काल परत वाळपईहून पहाटेच्या बसने सरकारी इस्पितळात गेले, दोन तास लायनीत उभी राहिले आणि काउंटरवर उत्तर मिळालं, डोळ्याच्या लेझरचं मशीन बंद आहे, पुढच्या महिन्यात या. ही तिसरी तारीख. गावच्या शिबिरात एका अधिकाऱ्याने माइकवर सांगितलेलं पंधरा दिवसांत मशीन चालू होणार, त्याला चार महिने झाले!

माझ्या उजव्या डोळ्याच्या पडद्यातली शीर बीपीमुळे ब्लॉक झालीय. शीर तुंबली की रक्त-पाणी पडद्यात झिरपतं आणि बरोबर मधे, जिथून आपण वाचतो, तिथेच सूज येते. मी शिवणकाम करते साहेब. सरळ टाका वाकडा दिसतो, समोरच्याच्या तोंडाच्या जागी मळका डाग दिसतो. गणेश चवथीच्या तोंडावर अकरा ब्लाउजांची कापडं गिऱ्हाइकांना परत दिली, त्या रात्री जेवण गेलं नाही.

इंजेक्शनं घ्या म्हणू नका, चार घेतली, डोळ्यात. सूज उतरते नि परत चढते, म्हणून तर डॉक्टरांनी लेझर लिहून दिलं. हे काय नवीन आहे का? शिरेची फांदी बंद असेल तर लेझरचा उपयोग होतो हे अमेरिकेतल्या अभ्यासात 1984 सालीच दिसलं, लेझर केल्यावर तीन वर्षांनी 100 तल्या 65 जणांना नजर तपासायच्या तक्त्यावरच्या दोन ओळी जास्त दिसायला लागल्या, न केलेल्यांत 37 जणांना. मुख्य शीरच बंद असेल तर सूज कमी होते पण नजर वाढत नाही, हे 1995 मध्ये कळलं. माझी फांदीच बंद आहे, म्हणजे मला आशा आहे, पण सूज जास्त दिवस राहिली की पडद्याच्या पेशी मरतात, मग मशीन आणून काय करणार?

पिशवीत गोवा सरकारच्या दीन दयाळ आरोग्य विम्याचं कार्ड आहे, चार माणसांच्या घराला वर्षाला 4 लाखांचं. ते दाखवून मशीन चालू होत नाही. नऊ फेऱ्या झाल्या, दर वेळी मुलाची रोजी बुडते कारण एकटीला बसची पाटी वाचता येत नाही. किनाऱ्यावर इव्हेंट करायचा असला की एका रात्रीत सगळं उभं राहतं, आम्ही सत्तरी तालुक्यातली माणसं मात्र फक्त मतदानाला लागतो. उद्घाटनाला सगळे येतात, मशीन बिघडलं की ते कोणाचंच नसतं.

मला लेखी तारीख द्या, नाहीतर सरकारी खर्चाने दुसरीकडे पाठवा. 27 ला माझा पुढचा स्कॅन आहे, त्याच्या आधी कळवा.

वाळपईची एक शिवणकाम करणारी बाई