‘मी थांबतो’ म्हणणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रवर्य,

स. न. वि. वि.

माझ्या आईच्या संगणकावरची चिठ्ठी आपण परत मिळवून दिलीत, त्याबद्दल आपले आभार नीट शब्दांत मानावेत असे त्या दिवसापासून मनात आहे. फोनवर ते जमले नाही, कारण आभाराचा विषय निघताच ‘त्यात काय एवढे’ म्हणून आपण बोलणे दुसरीकडे नेता. म्हणून हे उघड पत्र लिहीत आहे. त्यात आपले नाव नसावे ही आपली इच्छा मी पाळली आहे.

आई मिरजेत एकटी राहते. तिच्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली आहे, तिच्या सिनॅमन या डेस्कटॉपसह (म्हणजे पडद्यावरची खिडक्या-मेनूंची सारी मांडणी), आणि पडद्यावर कायम दिसणाऱ्या तीन गोष्टी आहेत : ठसठशीत आकड्यांचे घड्याळ, नातवंडांच्या छायाचित्रांची चौकट आणि एक चिठ्ठी. जाणकार त्यांना डेस्कलेट म्हणतात. घड्याळ आणि चौकट सिनॅमनबरोबरच येतात. चिठ्ठी मात्र पूर्वी कोणीतरी झिप फाईल आणून एका लपलेल्या फोल्डरमध्ये हाताने ठेवली होती. सकाळी कोणती गोळी, रात्री कोणती, डॉक्टर कोणत्या वारी बसतात, गॅसवाल्याचा आणि शेजारच्या वहिनींचा नंबर, असे आईचे सारे रोजचे जगणे त्या पिवळ्या चौकोनात होते. संगणकावर मिंटची नवी आवृत्ती चढली आणि तो चौकोन दिसेनासा झाला.

त्यानंतर जे भेटले त्यांच्याबद्दल लिहिताना अजूनही माझा राग पुरता निवलेला नाही. एका दुरुस्तीच्या दुकानाने ‘हे लिनक्स काढून टाका, सगळे पुसून दुसरे घालून देतो’ असे सांगितले. पुसण्याआधी त्यात काय आहे, हे विचारण्याची गरज तेथे कोणालाही वाटली नाही. लिनक्समधल्या एका जाणत्या गृहस्थांनी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत, चिकटवायच्या आज्ञा पाठवल्या आणि त्या चालल्या नाहीत तेव्हा ‘मूळ दस्तऐवज वाचावेत’ असे कळवले. त्यांच्या ज्ञानाबद्दल मला शंका नाही. परंतु जिला वर्तमानपत्र वाचायलाही भिंग लागते, अशा बाईला त्या खिडकीतले बारीक शब्द वाचायला सांगून आपले कर्तव्य संपले असे मानणे, हे मला आजही पटत नाही.

दोष आईचा नव्हता, हे सर्वांत आधी आपण सांगितलेत. डेस्कलेट सिनॅमनच्या पोटातच चालते. त्यामुळे सिनॅमन आतून बदलले की जुने डेस्कलेट बंद पडू शकते, आणि कोणीतरी ते नव्या रचनेला जुळवून घेईपर्यंत बंदच राहते. हे दुखणे एकट्या मिंटचेही नाही. संगणकाची माहिती पडद्यावर दाखवणारे कॉन्की वापरणाऱ्यांनी त्याच्या १.१० आवृत्तीच्या वेळी सेटिंग्जच्या फाईलची सारी मांडणी लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेत बदललेली पाहिली. २०२४ च्या फेब्रुवारीत केडीई या गटाच्या प्लाझ्मा डेस्कटॉपची सहावी आवृत्ती आली तेव्हा प्लाझ्मा ५ साठी लिहिलेली कितीतरी विजेट्स, म्हणजे डेस्कलेटसारखीच छोटी साधने, मागे राहिली. ग्नोम या आणखी एका डेस्कटॉपच्या प्रत्येक एक्स्टेन्शनला (वरून जोडायच्या छोट्या सोयीला) आपण कोणत्या आवृत्तीवर चालतो हे जाहीर करावे लागते आणि ते जाहीर करणारा लेखक नोकरीधंद्यात गुंतला की वापरणारा खोळंबतो. आपण हे फोनवर इतक्या शांतपणे समजावलेत की ‘म्हणजे मी काही बिघडवले नाही ना?’ हा आईचा प्रश्न, जो ती मला रोज विचारत होती, तो त्यानंतर तिने पुन्हा विचारला नाही.

पुढे आपण काय काय केलेत ते येथे लिहीत नाही. ज्यांना ते येते त्यांना ते ठाऊक असेल. मला लिहायचे आहे ते त्याआधीच्या एका वाक्याविषयी. जुने डेस्कलेट काढताना त्याच्या सेटिंग्जबरोबर आतला मजकूरही जाऊ शकतो, हे लक्षात घेऊन आपण आईकडून ती लपलेली फाईल उघडवून घेतलीत आणि म्हणालात, “काकू, आधी हे सगळे वहीत उतरवून घ्या. मी थांबतो.” आणि आपण खरोखरच थांबलात. आई पेन शोधत होती, चष्मा बदलत होती, एकेक औषधाचे नाव मोठ्याने म्हणत लिहीत होती आणि आपण फोनवर तसेच होतात, मध्येच एखादे नाव तिच्याकडून पुन्हा वाचून घेत. ‘फाईलची प्रत मी काढतो’ असे म्हणून आपण ते क्षणात उरकू शकला असतात. प्रत तर आपण काढलीतच. पण नंबर आणि गोळ्या वहीत, तिच्या अक्षरात, तिच्या हाताशी असल्या म्हणजे ती पुढचे काम न घाबरता करील, हे आपण ओळखलेत. इतका विचार तिच्या पोटच्या मुलीलाही सुचला नव्हता.

आता ती चिठ्ठी सिनॅमनच्या स्वतःच्या, डेस्कलेट उतरवून घ्यायच्या यादीतून आलेली आहे आणि तिचा अपडेट इतर अपडेट्ससोबत अपडेट मॅनेजरमध्येच दिसतो. ही सोय मिंटने जुलै २०२१ मधल्या २०.२ आवृत्तीत दिली. त्यापूर्वी डेस्कलेटचा अपडेट आला आहे का, हे सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतः पाहावे लागे. एका बटणाने होणारे काम सोपे दिसते, पण ज्यांनी ती यादी सांभाळली, लेखकांनी पाठवलेले बदल वाचून मगच आत घेतले, त्यांनी आईच्या वाट्याची काळजी आधीच स्वतःकडे घेतलेली असते. ती काळजी कोणी घेतली नाही तर काय होते, हे मार्च २०२४ मध्ये दिसले : केडीईच्या स्टोअरवरून एका वापरकर्त्याने घेतलेल्या ग्लोबल थीमने (डेस्कटॉपचे सारे रूप एकदम बदलणाऱ्या संचाने) त्याच्या वैयक्तिक फाईली पुसून टाकल्या आणि अशा थीम व विजेट्समध्ये बाहेरच्यांनी लिहिलेला कोड चालतो, जपून वापरा, असे केडीईला जाहीरपणे सांगावे लागले. तेथेही बसवायला एकच बटण होते. म्हणून मला आपले ‘आधी उतरवून घ्या’ आणि त्या यादीमागच्या अनोळखी माणसांचे वाचून पाहणे, ही दोन्ही एकाच जातीची कामे वाटतात. पगार नाही, नाव नाही, आणि ज्याच्यासाठी ते केले त्याला बहुधा कळतही नाही, तरी ती रोज होत असतात. हे पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचले तर त्यांनाही माझा नमस्कार.

चिठ्ठीचा एक अपडेट मध्यंतरी येऊन गेला. आईने तो कोणाला न विचारता केला आणि मला ते लाइटबिलाविषयी बोलता बोलता सांगितले. वहीही तिने ठेवली आहे. औषध बदलले की दोन्हीकडे लिहिते.

आपण मिरजेकडे याल तेव्हा जेवायला घरीच यायचे, असा तिचा निरोप आहे. आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे पुरण घालता येईल.

आपली कृतज्ञ,
मिरजेच्या काकूंची मुलगी