बोर्ड बदलला की परवानाही जातो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

छोट्या औद्योगिक सिंगल बोर्ड कॉम्प्युटरवर, म्हणजे एकाच बोर्डावर मावणाऱ्या संगणकावर, सॉफ्ट पीएलसी (पीएलसी या यंत्रनियंत्रकाचे काम करणारे सॉफ्टवेअर) चालवून यंत्रनियंत्रणाचा खर्च कसा कमी करता येतो, याविषयीचा लेख आपल्या दैनिकात नुकताच वाचला. प्रोसेसर, मेमरी आणि स्कॅन टाइम (प्रोग्रामच्या एका फेरीला लागणारा वेळ) यांची माहिती लेखात नेटकेपणाने आली होती. परंतु रनटाइमच्या, म्हणजे बोर्डावर नियंत्रणाचा प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, परवान्याविषयी, म्हणजे ज्याला आम्ही कामावर सरसकट लायसन्स म्हणतो त्याविषयी, ‘तो एकदाच घ्यावा लागतो’ एवढे एकच वाक्य होते. गेली अनेक वर्षे कंट्रोल पॅनल उभारण्याचे आणि ते बंद पडल्यावर पुन्हा सुरू करून देण्याचे काम करत असल्यामुळे त्या वाक्यात काय राहून गेले आहे ते सांगणे मला आवश्यक वाटते.

नेहमीच्या पीएलसीत फर्मवेअरची, म्हणजे आत आधीच बसवलेल्या सॉफ्टवेअरची, किंमत उपकरणाच्या किमतीतच मिसळलेली असते. सीपीयू जळाला तर त्याच क्रमांकाचा दुसरा स्टोअरमधून काढायचा, प्रोग्राम त्यात उतरवायचा आणि यंत्र चालू करायचे. सॉफ्ट पीएलसीत हे दोन भाग सुटे होतात. बोर्ड एकाचा आणि रनटाइम दुसऱ्याचा. लॅडर किंवा स्ट्रक्चर्ड टेक्स्ट या पीएलसीच्या भाषांत लिहिलेला प्रोग्राम ठरलेल्या चक्राने चालवणे, इनपुट वाचणे, आउटपुट लिहिणे, मॉडबस किंवा इथरकॅट या संपर्कपद्धतींवरून इतर उपकरणांशी बोलणे हे सारे रनटाइम करतो, आणि त्याचा निर्माता त्याचे पैसे मागतो यात गैर काहीच नाही. हे सारे ज्यात साठवलेले असते त्या एसडी कार्डाची हुबेहूब प्रत काढायला काही मिनिटे पुरतात, तेव्हा परवाना कशाला तरी बांधलेला नसेल तर एका परवान्यावर शंभर यंत्रे चालतील हेही उघड आहे. माझा आक्षेप तो कशाला बांधला जातो, याला आहे.

काही महिन्यांपूर्वी एका पॅकिंग यंत्रावरचा असा बोर्ड रात्रपाळीत बंद पडला. तशी वेळ येईल म्हणून कार्डाची प्रत आणि दुसरा बोर्ड आम्ही पॅनलमध्येच ठेवला होता. तंत्रज्ञाने अर्ध्या तासात अदलाबदल केली, यंत्र चालू झाले आणि सगळ्यांना हायसे वाटले. दोन तासांनी ते थांबले. वीज बंद करून पुन्हा चालू केली, तर पुन्हा दोनच तास. सकाळपर्यंत केबल, सेन्सर आणि वीजपुरवठा यांत दोष शोधला गेला, कारण प्रोग्राम तोच होता, कार्डही त्याचीच प्रत होते, मग संशय घ्यायचा तरी कशावर? परवाना जुन्या बोर्डाच्या अनुक्रमांकाशी जोडलेला होता आणि नव्या बोर्डावर रनटाइम मुकाट्याने चाचणी अवस्थेत चालत होता. विक्रेत्याने नियमानुसार आम्हाला कळवले की जुन्या बोर्डावरचा परवाना आधी परत करा, मग नवा सक्रिय करून देऊ. चालू बोर्डावरून तो परत करता येतो. जळालेल्या बोर्डावरून तो कोणी आणि कसा परत करायचा, याला त्यांच्या अर्जात रकानाच नव्हता. या पत्रव्यवहारात चार दिवस गेले, आणि ते चार दिवस दर पाळीत कोणीतरी घड्याळ पाहून, यंत्र रिकामे असेल तेव्हा, रनटाइम हाताने पुन्हा सुरू करत होता.

चाचणीची अशी मुदत लपवलेली नसते. कोडेसिस कंपनीचा रास्पबेरी पाय या छोट्या बोर्डासाठीचा रनटाइम परवान्याशिवाय दोन तास चालतो आणि मग थांबतो, हे त्या उत्पादनाच्या माहितीत स्पष्ट लिहिलेले आहे. बेकहॉफ कंपनीच्या ट्विनकॅट ३ या सॉफ्ट पीएलसीमध्ये सात दिवसांचा चाचणी परवाना मिळतो आणि पडद्यावरचा संकेतांक टाइप करून तो पुन्हा पुन्हा घेता येतो. शिकणाऱ्यांसाठी आणि प्रोग्राम तपासून पाहणाऱ्यांसाठी या दोन्ही सोयी उत्तम आहेत. परंतु प्रत्यक्ष उत्पादनात असलेल्या यंत्रावर तीच मुदत अचानक लागू झाली, तर तो एक बिघाडच असतो आणि यंत्राच्या जोखमीचा विचार करताना त्याची नोंद कोणी केलेली नसते. रनटाइम थांबल्यावर आउटपुट शून्यावर जातील की शेवटच्या स्थितीत अडकून राहतील, हे समोरच्या इनपुट-आउटपुट मॉड्यूलवर आणि त्यात संपर्क तुटल्याची वेळमर्यादा लावली आहे की नाही यावर ठरते. हीटर चालू अवस्थेत राहिला, तर परवाना संपल्याचा संदेश वाचायला कोणाला सवड असेल?

१९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचांच्या) पॅनलांना पर्याय मागितला आणि त्यातून मॉडिकॉन कंपनीचा पहिला पीएलसी आला, तेव्हा हे उपकरण कारखान्यातल्याच माणसांना सहज दुरुस्त करता यावे, अशी एक अपेक्षा होती. छोट्या बोर्डांच्या बाबतीत ती अधिकच महत्त्वाची ठरते, कारण बोर्ड स्वस्त असतो तो बदलता यावा म्हणूनच. सतत लेखन होणारी एसडी कार्डे झिजतात. ईएमएमसी (बोर्डावरच पक्की बसवलेली साठवण) असलेले औद्योगिक बोर्ड या बाबतीत बरे, पण वीज जाता-येताना त्यांनाही फटका बसतो. म्हणजे नियंत्रणव्यवस्थेतला जो भाग सर्वांत आधी जाण्याची शक्यता असते, त्यालाच परवाना चिकटवला जातो.

मुदतीच्या, म्हणजे वर्गणीवर चालणाऱ्या परवान्यांत आणखी एक अडचण येते, जिचा उल्लेख मला फारसा कुठे आढळत नाही. रास्पबेरी पाय ५ च्या आधीच्या मॉडेलांमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नव्हते आणि ५ मध्येही बॅटरी वेगळी लावावी लागते. नेटवर्कपासून मुद्दाम अलग ठेवलेल्या यंत्रावरचा असा बोर्ड वीज आल्यावर चुकीची तारीख धरून उठतो, आणि घड्याळाशी छेडछाड झाली असे समजून परवान्याची तपासणी त्याला नकार देऊ शकते.

डोंगल, म्हणजे परवाना साठवलेली आणि यूएसबीला लावायची छोटी किल्ली, हा यावरचा जुना उपाय आहे आणि, पुष्कळांना तो मागासलेला वाटत असला तरी, माझे मत त्याच्याच बाजूने आहे. त्याने एक यूएसबी पोर्ट अडतो, कंपनाने तो सैल होऊ शकतो, चोरीलाही जातो. पण बोर्ड गेला तर तो उपटून दुसऱ्या बोर्डाला लावता येतो आणि रात्री तीन वाजता कोणाच्या सर्व्हरची परवानगी लागत नाही. पॅनलच्या आत, पट्टीने आवळून आणि दाराला कुलूप लावून बसवलेल्या डोंगलने मला आजवर दगा दिलेला नाही.

परवाना कोणाच्या नावावर आहे, हेही यंत्र घेणाऱ्याने पाहिले पाहिजे. यंत्र बांधणारा तो आपल्या खात्यावर घेतो, सक्रिय करतो आणि यंत्र रवाना करतो. पुढे त्याचा व्यवसाय बंद झाला तर यंत्र मालकाचे आणि सक्रियीकरणाचा संकेतांक बेपत्ता खात्यात, अशी स्थिती होते. यंत्र जुन्या बाजारात विकतानाही हाच पेच येतो. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये यूजडसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात कायमस्वरूपी परवाना पुढे विकण्याचा हक्क मान्य केला आणि विकणाऱ्याने स्वतःकडची प्रत निकामी करावी अशी अट घातली, परंतु जळालेल्या बोर्डाला बांधलेल्या परवान्यापुढे असा हक्क कागदावरच राहतो.

ओपनपीएलसी किंवा बेरेमिझ यांसारखे मुक्तस्रोत पर्याय घेतले तर सक्रियीकरणाची कटकट उरत नाही. मात्र तिथेही परवाना असतोच. जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याखालील रनटाइममध्ये बदल करून तो यंत्रासोबत विकला, तर बदलांसह त्याचा सोर्स कोड ग्राहकाला उपलब्ध करून द्यावा लागतो, आणि फील्डबसचा, म्हणजे उपकरणांना जोडणाऱ्या संपर्कजाळ्याचा, दोष निघाल्यास तो आपला आपणच निस्तरावा लागतो.

निर्मात्यांकडे माझी मागणी मोठी नाही. परवाना सापडला नाही तर रनटाइमने तसे प्रोग्रामला वाचता येईल अशा व्हेरिएबलमधून लगेच सांगावे, म्हणजे ऑपरेटरच्या पडद्यावर आम्ही ते पहिल्याच मिनिटाला दाखवू. आणि पूर्वी परवानाधारक असलेल्या प्रोग्रामला नव्या बोर्डावर, इंटरनेटशिवाय, निदान काही दिवसांची सवलत द्यावी. तोवर आपल्या लेखातील खर्चाच्या तक्त्यात, जिथे बोर्ड, वीजपुरवठा आणि पेटी यांच्या ओळी आहेत, तिथे सुट्या बोर्डासाठीचा दुसरा परवाना किंवा डोंगल अशी एक ओळ वाढवावी, आणि बोर्ड जळाल्यावर परवाना किती वेळात व कोणाकडून मिळेल याचे उत्तर विक्रेत्याकडून लेखी घेण्याची सूचना वाचकांना द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियंत्रण अभियंता