महापुरावरचा निबंध आणि बंटीचं लग्न

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. फोनवर काही सांगायला गेलं की आई मधेच जेवलीस का विचारते आणि बाबा बिल चढतंय म्हणून ठेवून देतात (व्हॉट्सॲपला बिल येत नाही हो बाबा), म्हणून निवांत बसून टाइप करतेय, बंटीला वाचून दाखवायला सांगा. मी एकदम मजेत आहे. थंडी पडलीय पण घरात हीटर आहे, आणि ज्वारीचं पीठ इथे अमेरिकेतही एडिसनमध्ये दुकानात मिळतं, त्यामुळे तो विषय बंद.

आईचं म्हणणं, ह्या वयात कॉलेज कशाला. अगं, नर्सिंगला ॲडमिशन हवी तर आधी काही विषय पास व्हावे लागतात, त्यात इंग्लिश आहे. माझा व्हिसा डिपेंडंटचा, नोकरी करता येत नाही पण शिकता येतं, मग शिकते. ह्यांची काही तक्रार नाही, स्वतः सोडायला येतात. आणि मुलाबाळांचं जे तू मावशीकरवी विचारतेस ते आमचं आम्ही बघू, काळजी करू नकोस.

तर ह्या क्लासला पहिला मोठा निबंध म्हणजे आपल्या आयुष्यातला एक प्रसंग लिहायचा. तुम्ही म्हणाल त्यात काय, शाळेत ‘माझ्या आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग’ दर परीक्षेला असायचाच, गाईडमधली दोन वाक्यं सुरुवातीला, दोन शेवटी, मधे ‘पावसाने थैमान घातले’, झाला निबंध. इथे एका निबंधाला जवळजवळ महिना लावतात! आधी मॅडम म्हणाल्या दहा मिनिटं पेन उचलायचं नाही, जे सुचेल ते लिहा, स्पेलिंग गेलं खड्ड्यात. मग त्यातल्या जिवाला लागलेल्या ओळीला गोल करा. मग वास, आवाज, हाताला काय लागलं त्याची यादी करा, मग आराखडा, मग कच्चा खर्डा, आणि मग खरी गंमत, तो खर्डा वर्गातल्या दोघांना वाचायला द्यायचा. ओळख ना पाळख! माझा वाचला एका रिटायर्ड ट्रक ड्रायव्हर आजोबांनी आणि एका एकोणीस वर्षांच्या पोरीने, आणि मी समोर बसून बघत होते. नियम असा की आधी काय आवडलं ते लिहायचं, मग फक्त प्रश्न विचारायचे, चूक म्हणायचं नाही. नंतर मॅडम एकेकाला केबिनमध्ये बोलावतात, मग परत नव्याने लिहायचं, आणि सगळे खर्डे पिन मारून द्यायचे, नुसती फेअर कॉपी दिली तर मार्क कापतात. कोणी बापाच्या दारूवर लिहितो, कोणी घटस्फोटावर, आणि बाकीचे शांतपणे माना हलवतात. शेजारच्या गुजराती काकूंचा मुलगा बारावीला आहे, त्याला तर कॉलेज ॲडमिशनच्या फॉर्मलाच असं लिहावं लागतंय, ६५० शब्दांच्या आत, काकू रोज देवापुढे ते बोलतात.

मी आपला सांगलीचा २०१९ चा महापूर घेतला. पहिल्या खर्ड्यात सगळं घातलं, आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ च्या वर, बाबांचं अलमट्टी धरणाचं पुराण, सगळं. मॅडम म्हणाल्या ही बातमी झाली, एक तास निवडा. मग मी पाणी ओसरल्यावरची ती दुपार निवडली, बाबा गच्चीत बसून उधारीच्या वहीला इस्त्री करत होते. लाईट नव्हती म्हणून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची कोळशाची इस्त्री आणलेली, चिकटलेली पानं ब्लेडनं सोडवायची, जुन्या धोतरात धरून इस्त्री फिरवायची, गाळाचा आणि भाजलेल्या कागदाचा वास. शाई फुटलेली, नावं जाऊन नुसते आकडे उरलेले, आणि आई आकड्यावरून सांगत होती, हे कुपवाडचे, हे मिरजेच्या वहिनींचे. खाली दुकानात २००५ च्या पाण्याची लाल रेघ होती ना, बाबांनी सगळे ताके तिच्या हातभर वर रचलेले, तरी पाणी त्याच्याही वर गेलं. त्या रेघेपाशी मॅडमनी पेन्सिलनं उभी खूण केली, म्हणाल्या इथे थांबा, इथे अजून लिहा.

आता आई म्हणणार घरच्या गोष्टी चव्हाट्यावर मांडल्यास. नाही गं, नावं बदललीत, आणि सांगली कुठे आहे हे इथे कोणाला ठाऊक नाही. तुझ्या बांगड्यांचं तर मी एक अक्षर लिहिलेलं नाही.

पण त्या ट्रकवाल्या आजोबांनी समासात लिहिलंय, तुझे वडील बोटीत का बसले नाहीत? मी सांगितलं, माल सांभाळायला. ते म्हणाले माल तर बुडाला होता ना. बाबा, खरंच का नाही बसलात? आईला आणि मला बोटीत बसवलंत आणि गॅलरीतून ओरडत होतात चपला हातात घ्या, चपला हातात घ्या, एवढंच मला आठवतंय. फोनवर नाही सांगितलंत तरी चालेल, बंटीच्या मोबाईलवरून व्हॉइस मेसेज पाठवा, फायनल खर्डा सोमवारी द्यायचाय.

बंटीच्या लग्नाचं. येणार नाही असं मी म्हटलेलं नाही, आत्या उगाच पसरवतेय. एप्रिलच्या शेवटी माझी परीक्षा आहे आणि पासपोर्टवरचा व्हिसा संपलाय, म्हणजे आले तर मुंबईत बीकेसीला अमेरिकन वकिलातीत नव्या व्हिसाचं स्टॅम्पिंग करूनच परत यायचं, ती अपॉइंटमेंट कधी मिळेल ह्याचा नेम नाही, अडकले तर सेमिस्टरची फी पाण्यात. मे महिन्याच्या शेवटी मुहूर्त असला तर मुलीकडच्यांना विचारून बघा. नसला तर माझ्यासाठी थांबू नका, खरंच सांगते, करवली म्हणून आत्याची पिंकी उभी राहील, फोटोत पण ती बरी दिसते. फक्त माझी साडी घेऊन ठेवा.

थोडे पैसे पाठवलेत. ह्यांनी आपणहून दिलेत, परत पाठवायचे नाहीत. आधी बांगड्या सोडवा, दरवर्षी नुसतं व्याज भरून रिन्यू करताय, हॉलचा ॲडव्हान्स नंतर बघू. लग्नात आईचे हात मोकळे नकोत, फोटोत दिसतं.

तुमची,
ताई

ता. क. पैसे आईच्या खात्यावर टाकलेत, बाबांच्या नाही. का ते बाबांना माहितीय.