ईस्टरच्या शुभेच्छा रविवारी द्याव्यात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी गुड फ्रायडेला समाजमाध्यमांवर आणि चौकांतल्या फलकांवर ‘हार्दिक शुभेच्छा’ दिसतात. त्यामागचा सद्भाव आम्हाला कळतो. सरकारी सुटी शुक्रवारची, म्हणून सणही शुक्रवारीच असेल असे वाटणे साहजिक आहे. पण तो प्रभू येशूच्या मरणाचा दिवस. त्या दिवशी उपास असतो. अनेक चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन क्रुसावरच्या सात उद्गारांवर मनन चालते आणि कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा (भाकर आणि द्राक्षारसाची मुख्य उपासना) होत नाही. सण रविवारी: येशू मेलेल्यांतून उठला, तो ईस्टर.

त्याची तारीख दरवर्षी का बदलते, हे पंचांग पाहणाऱ्यांना चटकन समजेल. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो 22 मार्च ते 25 एप्रिलच्या दरम्यान पडतो. 2026 साली 5 एप्रिल, 2027 साली 28 मार्च. मात्र ही पौर्णिमा आकाशातली नव्हे, चर्चच्या जुन्या कोष्टकातली. 2019 मध्ये खरी पौर्णिमा 21 मार्चला होती, पण कोष्टकात ती 20 तारखेला पडली आणि ईस्टर थेट 21 एप्रिलला गेला.

‘शुक्रवारी मेला आणि रविवारी उठला, मग तिसरा दिवस कसा?’ असेही विचारले जाते. पाच दिवसांचा गणपती मोजताना चतुर्थी पहिला दिवस धरतात, तशीच ही मोजणी: शुक्रवार पहिला, शब्बाथाचा (यहुद्यांच्या विश्रांतीचा) शनिवार दुसरा, रविवार तिसरा. शब्बाथात काम निषिद्ध, म्हणून स्त्रिया सुगंधद्रव्ये घेऊन रविवारी पहाटे कबरेकडे गेल्या.

कबर रिकामी दिसल्याने मात्र बहुतेकांची खात्री पटली नाही. त्या स्त्रियांपैकी मग्दालिया मरीयेला वाटले, शरीर कुणीतरी हलवले. त्यांचा विश्वास बसला तो उठलेल्या येशूची भेट झाल्यावर. वर्तमानपत्रांतल्या लेखांत ही भेट बहुधा तीनपैकी एका अर्थाने मांडली जाते: आत्मा अमर आहे, किंवा येशू शिष्यांच्या आठवणीत जिवंत राहिला, किंवा येशूने मेल्यावर उठवलेल्या लाजरसारखा पुन्हा श्वास घेऊ लागला. ख्रिस्ती श्रद्धा यांपैकी एकही म्हणत नाही. लाजर उठला, तरी तो पुढे मरणारच होता. उठलेल्या ख्रिस्तावर मरणाची सत्ता उरलेली नाही. तरीही तो देहासहित आहे: शंका घेणाऱ्या शिष्य थोमाला हातांतले व्रण दाखवतो, शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो. व्रण पुसले गेले नाहीत, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. सोसलेले खोटे ठरत नाही, पण शेवटचा शब्द त्याचा नसतो.

क्रुसावरील मरणानंतर साधारण पंचवीस वर्षांनी प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला (करिंथकरांना) लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात साक्षीदारांची यादी आहे: केफा (म्हणजे पेत्र), बारा शिष्य, एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू, याकोब. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ, असेही तो तिथेच स्पष्ट लिहितो. तो ख्रिस्ताला प्रथमफळ म्हणतो, म्हणजे त्याचे झाले ते पुढे आमचेही होणार. म्हणून ख्रिस्ती माणूस कबरेपाशी रडतो (लाजरच्या कबरेपाशी येशूही रडला होता), पण आशा सोडत नाही. आणि ज्या देहाला देव उठवणार आहे, त्याची उपासमार आम्हाला क्षुल्लक वाटू शकत नाही. 1896-97च्या दुष्काळातल्या निराधार मुलींना पंडिता रमाबाईंनी केडगावला आसरा दिला, तो आमच्या दृष्टीने याच आशेचा भाग आहे.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर पुण्यातल्या एखाद्या कॅथलिक चर्चमध्ये शनिवारी रात्रीच्या जागरणविधीला यावे. अंधार पडल्यावर बाहेर नवा अग्नी पेटवतात. पास्का (ईस्टरच्या मोठ्या) मेणबत्तीवर क्रूस, आल्फा, ओमेगा (ग्रीक लिपीतले पहिले आणि शेवटचे अक्षर) आणि चालू वर्षाचे चार अंक कोरतात, धूपाचे पाच दाणे खोवतात. तिच्यावरून सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटतात. मग वाचने: जुन्या करारातली सात, नव्यातली दोन. वेळेअभावी जुन्या करारातली काही गाळतात, पण मिसरच्या गुलामीतून निघालेल्या इस्राएल लोकांनी तांबडा समुद्र पार करण्याचे वाचन गाळता येत नाही. गुलामीतून सुटका ही या सणाची मुळातली कथा. बाप्तिस्मेही याच रात्री होतात. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या रविवारी सूर्योदयाला उपासना करतात.

रविवारी शुभेच्छा राहून गेल्या, तरी हरकत नाही. ईस्टरचा काळ पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे 50 दिवस चालतो. 2026 साली तो 24 मेपर्यंत आहे. ‘प्रभू उठला आहे’ असे म्हटलेत, तर ‘खरोखर उठला आहे’ असे उत्तर मिळेल.

आपले,
काही मराठी ख्रिस्ती वाचक, पुणे