गुरुवारच्या आधी

नाशिक,
सोमवार, रात्री

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

आज सकाळी नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेसच्या दारात उभी राहून तू म्हणालीस, "बाबा, गुरुवारी नव्या थेरपिस्टकडे पहिले सेशन आहे," आणि मी विचारले, "पाण्याची बाटली घेतलीस ना?" गाडी सुटली. रिक्षा द्वारकेला येईपर्यंत मी स्वतःला बोल लावत होतो, म्हणून हे पत्र.

आधीच्या बाई परगावी गेल्याने दोन वर्षांचे सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागणार, याचा तुला कंटाळा आला आहे हे मला दिसत होते. त्यांच्याकडून उपचाराचा सारांश मागून घे; तुझ्या लेखी संमतीने तो नव्यांकडे जाऊ शकतो. तरीही नव्या बाई आपल्या पद्धतीने विचारतीलच. घरातले काय सांगायचे ते तुझे तू ठरव, मी विचारणार नाही.

मला हे कसे ठाऊक, असे तुला वाटेल. मागच्या वर्षी बायपासनंतर छाती बरी झाली, झोप मात्र आली नाही, तेव्हा पेन्शनच्या कामाला जातो असे सांगून मी गंगापूर रोडवर एका समुपदेशकांकडे सहा वेळा गेलो. आईलाही हे मागच्या महिन्यातच कळले. पहिला दिवस जवळजवळ सगळा प्रश्नांतच गेला: झोप, भूक, चालू औषधे, पूर्वीचे उपचार, फी, आयत्या वेळी न आल्यास काय. घड्याळ माझ्या पाठीमागे, त्यांना दिसेल असे होते. फॉर्मवर 'घरात कोणाला असा त्रास होता काय' या ओळीत मी आत्याचे नाव लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. पन्नासेक मिनिटांनी बाहेर पडलो तो हलका होऊन नव्हे, उलट दमून, आणि कॉलेज रोडला उगाच चहा घेत बसलो. तुलाही गुरुवारी असे जड वाटले तर काही बिघडले असे समजू नकोस. पहिल्याच दिवशी सारे सांगायचे बंधन नसते. "याबद्दल आज नको" एवढे म्हटले तरी चालते.

त्यांच्याआधी मी दुसऱ्या एकांकडे दोनदा गेलो होतो. तिथे जमले नाही आणि मी काही न सांगताच जाणे बंद केले. तू तसे करू नकोस. तीन-चार सेशन्स दे, आणि खटकले तर त्यांनाच स्पष्ट सांग. बाई क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नकोस. गोळ्या मानसोपचारतज्ज्ञांच्या आहेत, त्या त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नकोस. गुप्ततेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ मध्ये दिलेला आहे. कोणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा वगैरे त्याला अपवाद आहेत, ते कोणते हे पहिल्याच दिवशी विचारून घे. म्हणजे तू आमच्याविषयी जे बोलशील ते आमच्यापर्यंत येणार नाही. हे मी तुझ्यासाठी लिहितो आहे की स्वतःसाठी, कोण जाणे. क्षमा कर, चाळीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाला कलम सापडले की राहवत नाही.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फोनमध्ये असू दे. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. मीही फ्रिजवर चिकटवला आहे. आई विचारते कशाला, मी म्हणतो असू दे.

गणपतीतल्या त्या रात्रीबद्दल तू बोलशील, असे मला वाटते. मी ताट भिरकावले होते. मीही तिथे त्याबद्दलच बोललो, पण तिसऱ्या वेळी, आणि तेव्हाही आधी तुझा हट्ट सांगितला, मग माझा हात. पुन्हा तिथेच आलो बघ.

त्रास ० ते १० मध्ये किती, असेही कदाचित विचारतील. मला आकडा सांगता येईना, तेव्हा २००८ चा पूर आठवला. तू खिडकीत बसून होतीस, आणि मी नदीवरून भिजून आलो की विचारायचीस, "दुतोंड्या मारुतीच्या कुठवर?" नदीपात्रातल्या त्या मूर्तीच्या गळ्याच्या वर पाणी गेले होते. मी म्हणालो, कमरेपर्यंत. तू झोपलीस, पण दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो पाहून माझ्याशी बोलली नाहीस. तू माझीच मुलगी आहेस, म्हणून भीती वाटते की तिथे तूही कमरेपर्यंतच सांगशील. तसे करू नकोस. ताटाचेही जसे झाले तसेच सांग.

दोन वर्षे तू एकटी जात राहिलीस. मी सहा वेळांत थकलो.

तुपाचा डबा पिशवीत तळाशी आहे, आडवा होऊ देऊ नकोस. गुरुवारी मी फोन करणार नाही, आईलाही बजावले आहे. नऊनंतर फोन उशाशी ठेवतो.

तुझा,
बाबा