बॅटरी वाचवायची तर पाठवणं कमी करा, मोजणं कमी करू नका

संपादक साहेब, नमस्कार.

पाण्याच्या लाइनवर वायरलेस सेन्सर बसवले, आता गळती लगेच कळणार, अशा बातम्या सारख्या येतात, पण त्यातले दोन वर्षांनी किती चालू असतात हे कुणी विचारत नाही. मी याच कामात आहे म्हणून सांगतो, बंद पडलेल्यांपैकी बरेच बिघडलेले नसतातच, त्यांची नुसती बॅटरी संपलेली असते. आणि ती बदलणं म्हणजे जमिनीखालच्या चेंबरचं लोखंडी झाकण उचला, साचलेलं पाणी उपसा, डबा उघडा, परत सील करा, आणि ते सील जरा जरी वाकडं बसलं की आत ओल जाऊन चांगला सेन्सरही जातो. चेंबरमध्ये ऊनच नाही त्यामुळे सोलरचाही उपयोग नाही.

चार्ज खातो कोण तर बहुतेक वेळा रेडिओ. साधा हिशोब करून बघा. झोपेत 5 मायक्रोअँपिअर, म्हणजे दिवसाला 0.12 मिलिअँपिअर-तास. मेसेज पाठवताना 40 मिलिअँपिअर, एक सेकंद. दर मिनिटाला पाठवलं तर दिवसाचे 16 होतात, दर 15 मिनिटांनी पाठवलं तर जेमतेम 1. बॅटरी 2400 मिलिअँपिअर-तासांची धरली तर पहिल्यात पाच महिने, दुसऱ्यात पाच वर्षांच्या वर. प्रत्यक्षात यापेक्षा कमीच मिळतं पण फरक केवढा आहे बघा.

हे कळलं की लोक काय करतात, रीडिंगच तासावर नेऊन ठेवतात. हे मला अजिबात पटत नाही. पंप अचानक बंद झाला की प्रेशरचा जो झटका बसतो तो काही सेकंदात येऊन जातो आणि जुने जोड त्यानेच सुटतात, तासाच्या रीडिंगमध्ये तो दिसणारच नाही. प्रेशर मोजायला रेडिओच्या मानाने फार कमी करंट लागतो, तेव्हा मोजा सारखं, पण आकडा बराच हलला तरच पाठवा. रात्री 2 ते 4 मध्ये वापर सगळ्यात कमी असतो, तेव्हा लाइनमधून जे वाहतं त्यात गळतीचा वाटा मोठा, म्हणून त्या दोन तासांतला सगळ्यात कमी फ्लो काढून एकच आकडा सकाळी पाठवला तरी खूप कळतं. क्लोरीन नाहीतर गढूळपणा मोजणाऱ्या सेन्सरचं वेगळं आहे, ते मोजतानाच भरपूर खातात, तिथे मोजणंही जपूनच करावं लागतं.

दुसरं म्हणजे अँटेना, ज्याकडे कुणी लक्षच देत नाही. लोरा रेडिओला (कमी बॅटरीत लांबवर छोटे मेसेज पाठवणारा रेडिओ) सिग्नल कमी मिळाला की तो हळू बोलायला लागतो, त्या वेगाचा आकडा म्हणजे SF, तो जितका मोठा तितकं बोलणं हळू, SF7 वरून SF12 वर गेला की तोच छोटा मेसेज हवेत साधारण 25 पट जास्त वेळ राहतो आणि बॅटरीही तेवढीच जाते. लोखंडी झाकणाखाली तळाला ठेवलेला डबा असाच मरतो. अँटेना वर झाकणाच्या पातळीला आणली तर जो फायदा होतो तो कुठल्याही हुशार सॉफ्टवेअरने होत नाही हो.

जिथे एक नोड, म्हणजे रेडिओ लावलेला एक सेन्सर, दुसऱ्याचा डेटा पुढे ढकलतो तिथे गेटवेजवळचा, म्हणजे सगळ्यांचे मेसेज गोळा करणाऱ्या यंत्राजवळचा, नोड सगळ्यात आधी संपतो. 2000 साली एमआयटीच्या हाइन्झेलमन आणि सहकाऱ्यांनी लीच नावाची पद्धत मांडली, त्यात जास्त कामाचा भार आळीपाळीने फिरतो. पण पाइपलाइनवर नोड एका ओळीत असतात, भार फिरवायला जागाच नसते, सरळ तिथे मोठी बॅटरी टाकावी.

आणि एक, पाठवणं कमी केलं म्हणजे गप्प बसलेला सेन्सर ठीक आहे का मेलाय हे कळत नाही, म्हणून दिवसातून एकदा 'मी आहे' एवढा मेसेज हवाच. त्यात नुसतं व्होल्टेज नको, अशा सेन्सरमधल्या लिथियम थायोनिल क्लोराइड बॅटऱ्या जवळजवळ शेवटपर्यंत 3.6 व्होल्टच दाखवतात आणि मग एकदम खाली येतात. आतापर्यंत किती मेसेज गेले आणि कुठल्या SF वर गेले तो आकडा पाठवा, म्हणजे बॅटरी कधी बदलायची ते आधी कळेल. टेंडर काढणाऱ्यांनी एवढी अट तरी घालावी ही विनंती.

आपला,
एक वाचक