गॅसच्या गोळीआधी दोन प्रश्न विचारा

महोदय,

लग्नसराई आली की आमच्या दुकानात पित्ताच्या गोळ्या चण्याफुटाण्यांसारख्या खपतात. जेवणावळीनंतर एखाददुसरी घेतली तर बिघडत नाही. पण सकाळी अनशापोटी ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोल, तेही कुणी लिहून न देता वर्षानुवर्षं, अशी माणसं सांगलीत आता घरोघरी आहेत. चिठ्ठीशिवाय विकू नये, असं पाकिटावर छापलेलं असतं. ते वाचायचं काम आम्हा दुकानदारांचं. (व्यवसायातले मित्र रागावतील. रागावोत.)

आम्ल म्हणजे वैरीच, असं जाहिराती पाहून वाटायला लागतं. प्रत्यक्षात जठरातलं आम्ल प्रथिनांचं पचन सुरू करून देतं, अन्नाबरोबर आलेले बरेच जंतू मारतं आणि अन्नातलं बी-१२ जीवनसत्त्व मोकळं करतं. ते फार काळ दाबून ठेवलं तर बी-१२ कमी पडू शकतं. शाकाहारी मंडळींनी आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवायलाच हवं. त्यात रोजची गोळी एकदम सोडली की काही दिवस आम्ल उलट जास्तच सुटतं. गिऱ्हाईक म्हणतं, "बघा, गोळीशिवाय भागतच नाही," आणि पुढचं पाकीट घेऊन जातं.

मूळ दुखणं पुष्कळदा वेगळंच असतं. गुडघ्यांसाठी रोज घेतलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या अंगदुखीच्या गोळीनं जठराला जखम होऊ शकते. तंबाखू, मिसरीनं जळजळ वाढते. आणि अल्सर झाला की आपण अजून मिरचीलाच बोल लावतो! ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. या जंतूंवर तपासणी करून अँटिबायोटिक्सचा पुरा कोर्स घ्यावा लागतो. नुसत्या पित्ताच्या गोळीनं ते जात नाहीत, जळजळ तेवढी दबते.

शौचाला काळंभोर होणं, घास अडकणं, विनाकारण वजन उतरणं, रक्ताची उलटी, यांपैकी काहीही दिसलं तर काउंटरवर येऊ नका, डॉक्टरांकडे जा. मिरज इतकी जवळ असताना टाळाटाळ कशाला?

सगळ्यात वाईट वाटतं ते छातीतल्या 'गॅस'चं. छातीत दाब, दरदरून घाम, हात किंवा जबडा भरून येणं, आणि घरचे सोडा पाजून झोपवतात. मधुमेही आणि बायकांमध्ये हृदयविकाराचा झटका कधी कधी नुसत्या मळमळीसारखा किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखल्यासारखा येतो. अशा वेळी सोड्याची बाटली शोधण्याआधी १०८ ला फोन लावावा.

दुकानदारांनी गोळी देण्याआधी एवढंच विचारावं: किती दिवसांपासून घेताय? अंगदुखीची गोळी चालू आहे का? हे दोन प्रश्न आपल्या आरोग्य पुरवणीत ठळक छापलेत, तर कात्रण मी दुकानाच्या काचेवर लावीन.

– एक औषधविक्रेता, विश्रामबाग, सांगली